अटलांटिस

अटलांटिस (ग्रीक नाव: अत्लांतिस नेसोस, अर्थ: ‘ॲटलसचे बेट’) हे ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटो याने इ.स.पू. ३६० च्या सुमारास लिहिलेल्या ‘तिमायस’ आणि ‘क्रिटियस’ या दोन संवादांत वर्णिलेले एक काल्पनिक बेट होय. कथेनुसार हे बेट ‘हेराक्लिसच्या स्तंभां’पलीकडे, म्हणजे आजच्या जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीबाहेरील महासागरात होते. तेथील बलाढ्य राजसत्तेने युरोप व आशिया जिंकण्यासाठी स्वारी केली, प्राचीन अथेन्सने तिचा पराभव केला आणि त्यानंतर एका अहोरात्रात हे बेट समुद्रात बुडाले. प्लेटोपूर्वीच्या कोणत्याही उपलब्ध ग्रंथात किंवा शिलालेखात या बेटाचा उल्लेख आढळत नाही. त्यामुळे अभिजात ग्रीक साहित्याचे बहुतेक सर्व अभ्यासक ही कथा प्लेटोने आपल्या तात्त्विक प्रतिपादनासाठी रचली असे मानतात.

असे असूनही सुमारे चोवीस शतके ही कथा लोकांच्या मनात टिकून आहे. मात्र तिचे आज प्रचलित असलेले रूप मूळ कथेहून अगदी वेगळे आहे. प्लेटोचे अटलांटिस हे ऐश्वर्याने उन्मत्त झालेले आक्रमक साम्राज्य असून त्याचा नाश ही त्याला मिळालेली शिक्षा आहे. आधुनिक कल्पनेतील अटलांटिस हे मात्र एक हरवलेले सुवर्णयुग, सर्व ज्ञानाचे व संस्कृतीचे आद्यपीठ मानले जाते.

== नाव ==

ग्रीक पुराणकथांत ॲटलस हा आकाश खांद्यावर तोलून धरणारा महाकाय देव आहे. प्लेटोच्या कथेतील ॲटलस हा त्याहून निराळा असून तो समुद्रदेव पोसायडनचा पुत्र व बेटाचा पहिला राजा आहे. बेटाला व भोवतालच्या महासागराला त्याच्यावरून नाव पडले असे प्लेटो सांगतो. प्रत्यक्षात ‘ॲटलसचा समुद्र’ हे नाव प्लेटोच्या आधी इतिहासकार हिरोडोटस याच्या लेखनात येते. अटलांटिक महासागराला अटलांटिस बेटावरून नाव मिळाले, हा समज त्यामुळे बरोबर नाही.

== मूळ स्रोत ==

‘तिमायस’ या संवादात सॉक्रेटिस, तिमायस, हर्मोक्रेटिस व क्रिटियस एकत्र जमतात. आदल्या दिवशी सॉक्रेटिसने आदर्श राज्याची रूपरेषा मांडलेली असते. असे राज्य प्रत्यक्ष युद्धात कसे वागेल हे पाहण्याची इच्छा तो व्यक्त करतो. तिला उत्तर म्हणून क्रिटियस आपल्या घराण्यात चालत आलेली एक हकिकत सांगतो.

ही हकिकत अनेक मुखांतून आलेली आहे. अथेन्सचा स्मृतिकार सोलोन हा इजिप्तमधील सायस या नगरात गेला असता तेथील एका वृद्ध पुजाऱ्याने ती त्याला सांगितली. सोलोनकडून ती क्रिटियसच्या पणजोबांकडे, त्यांच्याकडून आजोबांकडे आली आणि नव्वदीतल्या आजोबांनी ती दहा वर्षांच्या क्रिटियसला ऐकवली. जलप्रलय व अग्निप्रलय यांत ग्रीकांच्या स्मृती पुनःपुन्हा पुसल्या जातात, इजिप्तमध्ये मात्र त्या देवळांत लिहून जपल्या जातात, असे पुजाऱ्याचे म्हणणे आहे. वर्णिलेल्या घटना सोलोनच्या ९,००० वर्षे आधीच्या, म्हणजे इ.स.पू. ९६०० च्या सुमाराच्या ठरतात.

‘तिमायस’मध्ये ही कथा थोडक्यात येते. ‘क्रिटियस’मध्ये तिचा विस्तार आहे, परंतु हा संवाद अपूर्ण आहे.

== कथानक ==

=== बेट आणि राजधानी ===

देवांनी पृथ्वी वाटून घेतली तेव्हा अटलांटिस पोसायडनच्या वाट्याला आले. हे बेट लिबिया व आशिया (त्या काळी ग्रीकांना ठाऊक असलेले भूभाग) यांच्या एकत्रित आकारापेक्षा मोठे होते. तेथील क्लिटो या मर्त्य कन्येवर पोसायडनचे प्रेम बसले. ती राहत असलेल्या टेकडीभोवती त्याने पाण्याची तीन व जमिनीची दोन अशी एकात एक वर्तुळे कोरली. त्यांना जुळ्यांच्या पाच जोड्या झाल्या. या दहा पुत्रांमध्ये बेटाची वाटणी होऊन थोरला ॲटलस सर्वांचा प्रमुख राजा झाला.

राजधानीचे वर्णन प्लेटोने आकडेवारीसह केले आहे. मधल्या बेटाचा व्यास ५ स्टेडियन (१ स्टेडियन म्हणजे सुमारे १८५ मीटर) होता. समुद्रापासून बाहेरच्या वर्तुळापर्यंत ५० स्टेडियन लांबीचा, म्हणजे सुमारे ९ किलोमीटरचा कालवा खणलेला होता. पांढऱ्या, काळ्या व तांबड्या दगडांच्या इमारती, गरम व थंड पाण्याचे झरे, हत्ती, घोड्यांच्या शर्यतीचे मैदान आणि रात्रंदिवस व्यापाऱ्यांनी गजबजलेले बंदर यांची वर्णने येतात. तटांपैकी बाहेरचा तट काशाने, मधला कथिलाने आणि बालेकिल्ल्याचा तट ‘ओरिकाल्कम’ या तांबूस झळाळीच्या धातूने मढवलेला होता. नगरापलीकडे ३,००० स्टेडियन लांब व २,००० स्टेडियन रुंद असे आयताकृती मैदान होते. राज्याकडे १०,००० रथ आणि १,२०० जहाजे होती.

=== राज्यव्यवस्था आणि अधःपतन ===

दहा राजे आळीपाळीने दर पाचव्या व सहाव्या वर्षी पोसायडनच्या मंदिरात जमत. लोखंडी शस्त्र न वापरता, केवळ काठ्या व फास यांच्या साहाय्याने ते बैल पकडून त्याचा बळी देत. रात्री निळी वस्त्रे लेवून, विझत्या अग्नीभोवती बसून ते एकमेकांचा न्यायनिवाडा करीत. परस्परांविरुद्ध शस्त्र न उचलण्याची शपथ त्यांच्यावर बंधनकारक होती.

अनेक पिढ्या हे लोक संपत्तीला ओझे समजत व सदाचाराने वागत. पुढे त्यांच्यातील दैवी अंश क्षीण होत गेला आणि मानवी स्वभाव वरचढ झाला. खरे सुख न ओळखणाऱ्यांच्या दृष्टीने ते याच काळात सर्वाधिक वैभवशाली दिसत होते. वस्तुतः त्यांना अन्याय्य लोभ व सत्तेची हाव यांनी ग्रासले होते, असे प्लेटो म्हणतो. त्यांना शासन करण्यासाठी झ्यूस देवांची सभा बोलावतो आणि बोलू लागणार, एवढ्यावर ‘क्रिटियस’ हा संवाद अर्धवट वाक्यात थांबतो.

=== युद्ध आणि विनाश ===

शेवट काय झाला हे ‘तिमायस’वरून कळते. अटलांटिसने लिबियाचा इजिप्तपर्यंतचा आणि युरोपचा इटलीपर्यंतचा भाग जिंकला होता. मित्रराज्यांनी साथ सोडल्यावरही अथेन्सने एकट्याने लढून आक्रमकांना हरवले व जिंकलेल्या लोकांना मुक्त केले. नंतर झालेल्या भयंकर भूकंप व पुरांत अथेन्सचे सारे सैन्य जमिनीने गिळले आणि अटलांटिस समुद्रात गडप झाले. त्या जागी राहिलेल्या चिखलामुळे तेथील समुद्र जहाजांना अगम्य झाला.

== कथेचा हेतू ==

प्लेटोच्या कथेचे खरे नायकत्व अथेन्सकडे आहे. तिच्यातील पुरातन अथेन्स लहान, शेतीवर जगणारे व साधे आहे. तेथील रक्षकवर्गाला खाजगी मालमत्ता नाही. सॉक्रेटिसने मांडलेल्या आदर्श राज्याचेच ते मूर्त रूप आहे. त्याच्या विरोधात आरमार, व्यापार व विस्तार यांवर उभे असलेले अटलांटिस येते.

या संघर्षात इराणी आक्रमणांची छाया अनेकांना दिसते. इ.स.पू. ४९० मध्ये मॅरेथॉन येथे आणि इ.स.पू. ४८० मध्ये सॅलमिस येथे ग्रीकांनी बलाढ्य इराणी सत्तेचा पराभव केला होता. मात्र त्यानंतर अथेन्स स्वतःच सागरी साम्राज्य बनले. इ.स.पू. ४१५ ते ४१३ या काळातील सिसिलीवरील स्वारीत त्याची वाताहत झाली आणि इ.स.पू. ४०४ मध्ये स्पार्टाकडून त्याचा अंतिम पराभव झाला. प्लेटोचे तारुण्य याच काळात गेले. संवादातील हर्मोक्रेटिस हा सिराक्यूजचा सेनानी असून त्या स्वारीत अथेन्सला विरोध करणाऱ्यांत तो अग्रणी होता. कथेत दोन अथेन्स समोरासमोर उभी आहेत, एक आदर्श व दुसरे प्लेटोच्या काळातील साम्राज्यवादी, आणि दुसऱ्याचेच नाव अटलांटिस आहे, असा अर्थ फ्रेंच इतिहासकार पियेर विदाल-नाके यांनी लावला आहे.

बेट बुडण्याची कल्पना सुचण्यास प्रत्यक्ष घटनाही कारणीभूत झाल्या असाव्यात. इ.स.पू. ४२६ मध्ये भूकंप व समुद्राच्या लाटांनी अतालांती या लहान ग्रीक बेटाची हानी झाल्याचे थ्युसिडिडीसने नोंदवले आहे. इ.स.पू. ३७३ मध्ये, म्हणजे प्लेटोच्या हयातीत, कोरिंथच्या आखाताकाठचे हेलिकी हे नगर एका रात्रीत बुडाले. हेलिकी हे पोसायडनच्या उपासनेचे प्रसिद्ध केंद्र होते.

== प्राचीन काळातील मते ==

या कथेच्या सत्यतेविषयी प्राचीन काळीच मतभेद होते. ज्याने हे बेट कल्पिले त्यानेच ते नाहीसे केले, अशा आशयाचे मत भूगोलकार स्ट्रॅबो याने नोंदवले आहे. हे मत सामान्यतः प्लेटोचा शिष्य ॲरिस्टॉटल याचे समजले जाते; परंतु त्या उताऱ्यात ॲरिस्टॉटलचे नाव नाही. पोसिडोनियस याला मात्र ही कथा अगदीच कपोलकल्पित नसावी असे वाटत होते. इ.स.च्या पाचव्या शतकातील भाष्यकार प्रोक्लस याच्या म्हणण्यानुसार ‘तिमायस’चा पहिला भाष्यकार क्रॅन्टर हा कथेला खरा इतिहास मानत असे. थिओपॉम्पस या इतिहासकाराने मेरोपिस नावाच्या दूरदेशाची अद्भुत कथा रचली. ती प्लेटोचे विडंबन असावी असे अभ्यासक मानतात.

== आधुनिक काळातील पुनरुज्जीवन ==

इ.स. १४९२ नंतर युरोपीय लोकांना अमेरिका खंडाची ओळख झाली आणि अटलांटिसचा विषय नव्याने चर्चेत आला. फ्रान्सिस्को लोपेझ दे गोमारा या स्पॅनिश लेखकाने इ.स. १५५२ मध्ये नव्या खंडाचा संबंध प्लेटोच्या वर्णनाशी जोडला. फ्रान्सिस बेकन यांचा ‘न्यू अटलांटिस’ हा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर इ.स. १६२७ च्या सुमारास प्रसिद्ध झाला. त्यात संशोधनाला वाहिलेल्या एका आदर्श संस्थेचे चित्र असून लंडनच्या रॉयल सोसायटीच्या संस्थापकांना त्यापासून प्रेरणा मिळाली. अथानासियस किर्खर यांनी इ.स. १६६५ मध्ये अटलांटिसचा नकाशाच छापला. स्वीडनमधील ओलोफ रुडबेक यांनी इ.स. १६७९ पासून प्रसिद्ध केलेल्या बृहद्ग्रंथात अटलांटिस म्हणजे स्वीडनच असे प्रतिपादन केले. आपल्या देशालाच अटलांटिस ठरवण्याची ही प्रवृत्ती पुढेही अनेक ठिकाणी दिसून आली.

आजच्या लोकप्रिय कल्पनेचा पाया अमेरिकन राजकारणी व लेखक इग्नेशियस डॉनेली यांनी घातला. ‘अटलांटिस: द अँटिडिलुव्हियन वर्ल्ड’ हा त्यांचा ग्रंथ इ.स. १८८२ मध्ये प्रसिद्ध झाला. प्लेटोचे कथन हा शब्दशः इतिहास असून इजिप्त व अमेरिका येथील प्राचीन संस्कृती अटलांटिसच्या वसाहतींतून निर्माण झाल्या, असा त्यांचा दावा होता. दोन्हीकडील पिरॅमिड, सूर्यपूजा व प्रलयकथा यांतील साम्य त्यांनी पुरावा म्हणून मांडले. मूळ कथेतील आक्रमक राज्य येथे मानवजातीचे आदिगुरू बनले.

== स्थाननिश्चितीचे प्रयत्न ==

थेरा (सँटोरिनी): एजियन समुद्रातील या बेटावर इ.स.पू. १६०० च्या सुमारास ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला. क्रीटमधील मिनोअन संस्कृतीची आठवण अटलांटिसच्या कथेत असावी, असे के. टी. फ्रॉस्ट यांनी इ.स. १९०९ मध्ये सुचवले. ग्रीक पुरातत्त्वज्ञ स्पिरिडॉन मारिनातोस यांनी मिनोअन ऱ्हासाचा संबंध थेराच्या उद्रेकाशी जोडला आणि इ.स. १९६७ पासून थेरावरील अक्रोतिरी येथे उत्खनन करून राखेखाली गाडलेले नगर उजेडात आणले. प्लेटोचे आकडे दहापट वाढले असावेत, असे गृहीत धरून अँजेलोस गालानोपुलोस यांनी ९,००० वर्षांची ९०० वर्षे केली. हा तर्क त्यातल्या त्यात विचारार्ह मानला जातो. तथापि थेरा संपूर्ण बुडालेले नाही, ते जिब्राल्टरच्या अलीकडे आहे आणि उद्रेकानंतरही मिनोअन संस्कृती काही काळ टिकून होती, असे आक्षेप आहेत.

बिमिनी: बहामाजमधील बिमिनी बेटाजवळ इ.स. १९६८ मध्ये समुद्रतळाशी चुनखडीच्या दगडांची रांग आढळली. अमेरिकन भविष्यवादी एडगर केसी यांच्या भाकितामुळे तिला अटलांटिसचा रस्ता समजण्यात आले. भूवैज्ञानिकांच्या मते तो नैसर्गिकरीत्या भेगाळलेला किनारी खडक आहे.

रिशात रचना: मॉरिटानियातील सहारा वाळवंटात सुमारे ४० किलोमीटर व्यासाची वर्तुळाकार रचना आहे. वर्तुळांमुळे ती आंतरजालावर लोकप्रिय ठरली. ती झिजलेल्या घुमटाकार खडकांपासून बनलेली असून समुद्रसपाटीपासून शेकडो मीटर उंचीवर आहे.

याखेरीज इ.स. २००९ मध्ये गूगलच्या सागरतळ नकाशावर कॅनरी बेटांजवळ जाळीसारख्या रेषा दिसल्याने अटलांटिस सापडल्याच्या बातम्या पसरल्या. तळाची खोली मोजणाऱ्या नौकांच्या मार्गांमुळे त्या रेषा उमटल्या होत्या, असा खुलासा गूगलने केला.

== विज्ञानाचे मत ==

विसाव्या शतकाच्या मध्यास मेरी थार्प व ब्रूस हीझेन यांनी अटलांटिक महासागराच्या तळाचे नकाशे तयार केले. त्यांत मध्यभागी पसरलेली लांबच लांब पर्वतरांग स्पष्ट झाली. या रांगेतून नवा सागरतळ निर्माण होतो व दोन्ही बाजूंस सरकतो. भूपट्ट विवर्तनाच्या या ज्ञानामुळे महासागरात एखादा खंड बुडून राहिला असण्याची शक्यता संपुष्टात आली.

शेवटच्या हिमयुगाच्या परमोच्च काळानंतर समुद्राची पातळी सुमारे १२० मीटरने वाढली आणि अनेक किनारी प्रदेश पाण्याखाली गेले, हे खरे आहे. मात्र ही वाढ हजारो वर्षांत झाली. तसेच इ.स.पू. ९६०० च्या सुमारास जगात कोठेही नगरे, धातुकाम वा लेखन असल्याचा पुरावा नाही. ग्रीसमध्ये शेती इ.स.पू. ७००० च्या सुमारास सुरू झाली.

‘ओरिकाल्कम’ हा धातू मात्र निव्वळ काल्पनिक नाही. सिसिलीतील जेला गावाजवळ इ.स. २०१४ मध्ये एका बुडालेल्या जहाजाच्या अवशेषांत ३९ धातूच्या लगडी सापडल्या. तांबे व जस्त यांच्या या मिश्रधातूला ओरिकाल्कम म्हणण्यात आले. जहाज सुमारे २,६०० वर्षांपूर्वीचे असल्याने त्यावरून अटलांटिसचे अस्तित्व सिद्ध होत नाही. ओळखीच्या गोष्टी वापरून प्लेटोने कथेला खरेपणा आणला, एवढेच त्यावरून दिसते.

== आकर्षणाची कारणे ==

या कथेच्या चिरकाल आकर्षणाची काही कारणे तिच्या रचनेत आहेत. मोजमापे, वंशावळ व ऐकणाऱ्यांची साखळी यांमुळे ती दंतकथेपेक्षा अहवालासारखी वाटते. क्रिटियस ती खरी असल्याचे आवर्जून सांगतो. ‘क्रिटियस’ अपूर्ण राहिल्याने उरलेला भाग कल्पनेने भरण्यास प्रत्येक पिढीला मोकळीक मिळाली. जे बेट बुडाले आहे, ते नाहीच असे दाखवणेही अवघड असते.

इतर कारणे काळानुसार पडत गेली. हाइन्रिख श्लीमान यांनी इ.स. १८७० च्या दशकात होमरच्या ट्रॉयचे स्थळ उत्खनन करून प्रकाशात आणले. त्यामुळे अटलांटिसही सापडेल अशी आशा बळावली. मात्र ट्रॉयची कथा अनेक कवी, चित्रकार व स्थानिक परंपरांनी जपलेली होती. अटलांटिसची कथा एकट्या प्लेटोकडून आली आहे. गतकाळी सर्व काही अधिक चांगले होते ही सार्वत्रिक भावना, तज्ज्ञांपासून दडलेले रहस्य आपण उलगडावे ही हौस आणि आपली संस्कृतीही अशीच नष्ट होईल ही भीती यांनाही या कथेत जागा मिळते.

== कथेचा गैरवापर ==

अटलांटिसच्या शोधात अनेकदा जिवंत समाजांच्या कर्तृत्वाचे श्रेय नाकारले गेले. जर्मन मानववंशशास्त्रज्ञ लिओ फ्रोबेनियस यांना इ.स. १९१० मध्ये आजच्या नायजेरियातील इफे येथे उत्कृष्ट शिल्पे आढळली. ती आफ्रिकी कलावंतांची असू शकतील असे न मानता त्यांनी त्यांचा संबंध अटलांटिसशी आणि योरुबा समाजाच्या ओलोकुन या देवतेचा संबंध पोसायडनशी जोडला. ही शिल्पे योरुबा लोकांच्या पूर्वजांनीच घडवली होती, हे पुढील संशोधनाने निर्विवाद ठरले. डॉनेली यांच्या मांडणीतही अमेरिकेतील मूलनिवासींच्या वास्तूंचे श्रेय बाहेरून आलेल्यांना मिळत होते.

जर्मनीत नाझी राजवटीत या कल्पनेला वंशवादाची जोड मिळाली. इ.स. १९३५ मध्ये हाइन्रिख हिमलर यांच्यासमवेत ‘आनेनएर्बे’ ही संस्था स्थापन करणारे हर्मान विर्थ हे उत्तरेकडील अटलांटिसमधून श्रेष्ठ वंश उत्पन्न झाला असे मानत. अलीकडे ग्रॅहम हॅनकॉक यांच्या ‘एन्शंट अपोकॅलिप्स’ (इ.स. २०२२) या नेटफ्लिक्सवरील मालिकेने लुप्त प्रगत संस्कृतीची कल्पना पुन्हा चर्चेत आणली. सोसायटी फॉर अमेरिकन आर्किऑलॉजी या संस्थेने नेटफ्लिक्सला खुले पत्र लिहून या मालिकेचे माहितीपट म्हणून केलेले वर्गीकरण बदलण्याची मागणी केली.

== साहित्य आणि चित्रपट ==

झ्यूल व्हर्न यांच्या इ.स. १८७० च्या ‘ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी’ या नावाने इंग्रजीत प्रसिद्ध असलेल्या कादंबरीत कॅप्टन निमो प्राध्यापक आरोना यांना समुद्रतळाशी अटलांटिसचे अवशेष दाखवतो. पियेर बेन्वा यांच्या ‘लाटलांटिड’ (इ.स. १९१९) या कादंबरीत हा देश सहारात आहे. आर्थर कॉनन डॉइल यांनी ‘द मॅराकॉट डीप’मध्ये हा विषय हाताळला. जे. आर. आर. टॉल्किन यांच्या साहित्यातील बुडालेले न्यूमेनॉर बेट या कथेवर बेतलेले आहे. ते सत्तालोभाने नष्ट होत असल्याने प्लेटोच्या मूळ आशयाला अधिक जवळचे आहे. ‘अटलांटिस: द लॉस्ट एम्पायर’ (इ.स. २००१) हा डिस्नेचा सजीवचित्रपट आणि ‘ॲक्वामॅन’ (इ.स. २०१८) हे या विषयावरील गाजलेले चित्रपट होत.

== भारतीय संदर्भ ==

हेलेना ब्लाव्हाट्स्की यांच्या ‘द सीक्रेट डॉक्ट्रिन’ (इ.स. १८८८) या ग्रंथात लेमुरिया व अटलांटिस ही मानवजातीच्या पूर्वीच्या ‘मूलवंशां’ची निवासस्थाने मानलेली आहेत. त्यांच्या थिऑसॉफिकल सोसायटीचे मुख्यालय इ.स. १८७९ मध्ये मुंबईत आले व इ.स. १८८२ च्या अखेरीस मद्रासजवळील अड्यार येथे हलले. लेमुरिया ही कल्पना मूळची प्राणिशास्त्रज्ञ फिलिप स्क्लेटर यांची होती. मादागास्कर व भारत येथील प्राण्यांतील साम्य स्पष्ट करण्यासाठी त्यांनी इ.स. १८६४ मध्ये ती मांडली. पुढे तमिळ प्रदेशात ती ‘कुमरी कंडम’ या बुडालेल्या मातृभूमीच्या कल्पनेशी जोडली गेली.

महाभारताच्या मौसलपर्वातील द्वारका बुडाल्याच्या कथेची तुलना अटलांटिसशी केली जाते. गोव्यातील दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने इ.स. १९८० च्या दशकात पुरातत्त्वज्ञ एस. आर. राव यांच्या नेतृत्वाखाली गुजरातच्या किनाऱ्यावर द्वारका व बेट द्वारका येथे पाण्याखाली संशोधन केले. तेथे दगडी नांगर व बांधकामाचे अवशेष सापडले. त्यांच्या कालनिर्णयाविषयी मतभेद आहेत. दोन्ही कथांत एक महत्त्वाचा भेद आहे. द्वारका हे आजही नांदते तीर्थक्षेत्र असून महाभारत, हरिवंश व पुराणे अशा अनेक ग्रंथांत त्याचे वर्णन आहे. अटलांटिसला मात्र प्लेटोच्या लेखनाबाहेर स्वतंत्र आधार नाही.

== हे सुद्धा पहा ==

प्लेटो
सोलोन
मिनोअन संस्कृती
हेलिकी
द्वारका
भूपट्ट विवर्तन